टक्का वाढतो, माल घटतो

वाचकांचे प्रश्न : औषधी वनस्पती

या वेळची बहुतेक पत्रं पाण्यावरून आली आहेत. ऑगस्ट कोरडा गेला, परतीच्या पावसानं कुठे झोडपलं तर कुठे तोंडही दाखवलं नाही, तेव्हा यात नवल काही नाही. पण निम्म्याहून अधिक पत्रांत एकच समजूत वेगवेगळ्या शब्दांत लिहिलेली आढळली : औषधी झाडाचं पाणी तोडलं की झाड ‘कडक’ होतं आणि त्यात सत्त्व उतरतं. ही समजूत अर्धी खरी आहे. उरलेली अर्धी बाजू म्हणजे झाडाचं वय, आणि ती कुणी सांगत नाही. वर्गात वनस्पतिक्रियाशास्त्र शिकवायचे तेव्हाही मुलं पाण्याच्या ताणाची व्याख्या पाठ करायची आणि ताण कोणत्या वयात बसला हे विचारलं की एकमेकांकडे बघायची. म्हणून या महिन्यात कमी पत्रं घेतली आहेत आणि पहिल्या पत्राला जरा जास्त जागा दिली आहे.

प्रश्न : मॅडम, एक एकर मुरमाड रानात ऑगस्टच्या दुसऱ्या आठवड्यात अश्वगंधा पेरली. उगवण झकास झाली. आता तीन आठवडे पावसाचा थेंब नाही. दुपारी झाडं माना टाकतात, खालची पानं पिवळी पडून गळायला लागलीत. विहिरीत फार तर दोन पाण्यांपुरतं पाणी आहे. माल घेणारा म्हणतो, “अजिबात पाणी देऊ नका, ताण बसला की मुळीत सत्त्व उतरतं.” मुलगा म्हणतो, द्या. कुणाचं ऐकू? (माण तालुका, जि. सातारा)

उत्तर : मुलाचं ऐका.

आधी पिकाचं वय मोजू. तुमचं पत्र ऑक्टोबरच्या शेवटी लिहिलेलं आहे, म्हणजे पीक पंचाहत्तर-ऐंशी दिवसांचं. अश्वगंधाची काढणी साधारण १५० ते १८० दिवसांनी होते. तुमचं पीक आत्ता कुठे निम्म्यावर आलंय. बांधाकडचं एखादं झाड उपटून बघा. मूळ खाली बरंच गेलेलं दिसेल, पण जाडी करंगळीच्या निम्मीही नसेल. पहिल्या टप्प्यात हे झाड मूळ खोल धाडतं. ते जाड व्हायला आणि त्यात पीठ भरायला सुरुवात होते ती नंतर. व्यापाऱ्याचा सल्ला या दुसऱ्या टप्प्याच्या शेवटाला लागू पडतो. तो तुम्हाला आज दिला जातोय, एवढीच त्यात गफलत आहे.

आता सत्त्व वाढतं म्हणजे काय होतं ते सांगते. मुळाभोवतीची माती वाळायला लागली की मूळ वर पानाला निरोप धाडतं. अ‍ॅब्सिसिक आम्ल नावाचं संप्रेरक हा तो निरोप. तो पोचला की पानावरची रंध्रं, म्हणजे बारीक छिद्रं, मिटतात. पाणी वाचतं, पण त्याच रंध्रांतून कार्बन डायऑक्साइड आत यायचा, तोही थांबतो. ऊन मात्र पहिल्याइतकंच पडतंय. पानानं उन्हातून पकडलेली ऊर्जा एरवी साखर बनवण्यात खर्ची पडते. तो रस्ता अरुंद झाला की काही वाटा दुसरीकडे वळतो, आणि त्या दुसरीकडे तयार होणाऱ्या पदार्थांतच आपल्याला हवी असलेली औषधी द्रव्यं येतात : कुणात तेलं, कुणात अल्कलॉइडं, अश्वगंधात विथॅनोलाइडं. शिवाय वाढ खुंटल्यामुळे तेवढंच द्रव्य कमी वजनात सामावतं. त्यामुळे ताण खाल्लेल्या झाडाची एक ग्रॅम भुकटी प्रयोगशाळेत तपासली की टक्का पुष्कळदा जास्त निघतो. व्यापारी खोटं बोलत नाही.

पण तुम्ही टक्का विकणार आहात की मुळी? समजा, पाणी मिळालेल्या एकरात वाळलेली मुळी ३ क्विंटल निघाली आणि सत्त्व ०.४ टक्के भरलं, तर एकूण सत्त्व झालं १ किलो २०० ग्रॅम. ताण खाल्लेल्या एकरात मुळी दीड क्विंटल निघाली आणि सत्त्व चांगलं दीडपट, म्हणजे ०.६ टक्के झालं, तरी हिशेब ९०० ग्रॅमवरच थांबतो. आकडे समजुतीसाठी धरलेत, पण हिशेबाची रीत हीच. टक्का वाढतो, माल घटतो.

आणि बाजारात तर टक्क्याला विचारतंय कोण? अश्वगंधाची देशातली मोठी बाजारपेठ मध्य प्रदेशात नीमचला आहे. तिथे ढिगात हात घालून मुळी मोडून बघतात. खट्कन तुटली पाहिजे, आतून पांढरी दिसली पाहिजे, जाड आणि सरळ असली पाहिजे. बारीक, तंतुमय मुळीला खालची प्रत. त्या ढिगापाशी सत्त्व तपासायचं यंत्र नसतं. थेट कंपनीशी करार असेल आणि त्यात विथॅनोलाइडच्या टक्क्यावर दर लिहून दिलेला असेल, तर गोष्ट वेगळी. तसा कागद तुमच्याकडे असता तर तुम्ही पत्रात लिहिलं असतंत, असं मी धरून चालते.

पिवळ्या पानांबद्दल. खालची, म्हणजे वयानं मोठी पानं आधी पिवळी पडतात, यात झाडाचा हिशेब आहे. १९७२च्या दुष्काळात घरोघरी तांब्या-पितळेची भांडी मोडीत निघाली आणि त्यावर धान्य आलं, तसाच हा प्रकार. जुन्या पानातला नत्र आणि इतर कामाचा माल काढून घेऊन झाड तो शेंड्याकडे आणि मुळाकडे वळवतं, मग रिकामं पान सोडून देतं. शेंड्याची कोवळी पानं याच वेळी पेशींत प्रोलिन (एक अमिनो आम्ल) आणि साखरेसारखे विद्राव्य पदार्थ साठवतात, त्यामुळे कमी पाण्यातही ती तग धरतात. म्हणून पिवळेपणा खालून वर शिस्तीत चढत असेल तर घाबरू नका. शेंडाच करपत असेल किंवा मधूनच एखादं झाड एकाएकी मलूल होत असेल, तर उपटून मूळ बघा. साल सुटून काळं पडलं असेल तर ती मूळकूज आहे, तिच्यावर पाणी हा उपाय नव्हे.

आज निर्णय कसा घ्यायचा? पहाटे सहाला रानात जा. दुपारी माना टाकलेली झाडं रात्रीतून ताठ झाली असतील, तर आठवडाभर थांबता येईल. पहाटेही मान खालीच असेल तर त्याच दिवशी मोटर चालू करा. ओळीत पेरली असेल तर एक आड एक सरीनं हलकं पाणी द्या, फोकून पेरली असेल तर तुषार संच लावा. पाट भरून पाणी सोडू नका, अश्वगंधाला तुंबलेलं पाणी दुष्काळापेक्षा वाईट. दुसरं पाणी फळधारणेच्या सुमाराला राखून ठेवा. पुढे फळं लाल व्हायला लागली आणि पानं वाळू लागली की पाणी पूर्ण बंद करा. त्या वयात मुळीत भरायचं ते भरून झालेलं असतं, आणि तेव्हा व्यापाऱ्याचा सल्ला सोळा आणे खरा. उलट त्या वेळी पाणी दिलंत तर झाड पुन्हा फुटवे काढतं आणि मुळीत साठवलेलं त्या फुटव्यांवर उधळतं. उपटताना जमीन दगड झालेली असेल तर मुळी तुटू नये एवढीच ओल करा.

यंदा दर बरा नाही म्हणून पीक पुढच्या हंगामापर्यंत रानात उभं ठेवायचा विचार काही जण करतात. तो करू नका. झाड जगेल, ते बहुवर्षायू आहे. पण मुळी लाकडासारखी होते आणि तंतू वाढतात. मग ती मोडून बघणाऱ्यापुढे टिकत नाही.

जाता जाता : गळलेली पानं गोळा करून ‘यातही विथॅनोलाइड आहे’ म्हणून विकायचा सल्ला कुणी दिला तर दुर्लक्ष करा. पानात असतं ते खरं, त्यातलं विथाफेरिन-ए तर पानातच जास्त. पण आयुष मंत्रालयानं २०२१ मध्ये उत्पादकांना अश्वगंधाची पानं न वापरता मुळीच वापरण्याची सूचना दिली आहे. मुळीच्या पोत्यात पान सापडलं तर सगळ्या पोत्यावर शंका येते.

प्रश्न : गॅलरीतली कोरफड मे महिन्यात गावी गेल्यावर पाण्याविना राहिली. परत येऊन पाहते तर पानं तांबूस-तपकिरी आणि खालची तर चपटी झालेली. आता पाणी देऊनही रंग पुरता गेलेला नाही. झाड म्हातारं झालं का? यातला गर वापरावा का? (ठाणे)

उत्तर : म्हातारं झालेलं नाही, ताई. भाजलं आणि तहानलं, दोन्ही एकदम झालं. ऊन भरपूर आणि पाणी-नत्र कमी अशी गाठ पडली की कोरफडीच्या पानात लालसर रंगद्रव्य साठतं, ते उन्हापासून पानाचा बचाव करतं. कुंडी सकाळचं कोवळं ऊन मिळेल अशा ठिकाणी सरकवा, काही आठवड्यांत हिरवेपणा परत येईल. खालची पानं आधी चपटी झाली, कारण तीच जुनी आणि त्यांच्याच गरात पाण्याचा साठा जास्त. टंचाईत झाड तो साठा वरच्या कोवळ्या पानांसाठी वापरतं. कुंडीत आईभोवती पिल्लांची गर्दी झाली असेल तर तीही वेगळी लावा. एवढ्याशा मातीतली ओल इतक्या मुळांना कशी पुरणार?

कोरफड पाण्याविना महिना काढते तिथे तुळस आठवड्यात हात टेकते, याचं कारण रात्रीत आहे. बहुतेक झाडं दिवसा रंध्रं उघडतात. कोरफड ती रात्री उघडते, गारव्यात कार्बन डायऑक्साइड आत घेते आणि मॅलिक आम्लाच्या रूपात पेशींत साठवून ठेवते. सकाळी दारं बंद करून त्या साठ्यावर दिवसभर साखर बनवत बसते. हे कळण्याची सुरुवात भारतातल्या एका झाडावरून झाली, ही गोष्ट मला फार आवडते. मद्रास इलाख्यात काम केलेल्या बेंजामिन हाइन या वनस्पतिशास्त्रज्ञानं पानफुटीचं पान चघळून पाहिलं. सकाळी आंबट, दुपारपर्यंत बेचव, संध्याकाळकडे कडवट. १८१३ साली त्यानं हे पत्रानं कळवलं आणि १८१५ मध्ये ते लंडनच्या लिनियन सोसायटीच्या नियतकालिकात छापून आलं. पानफुटी तुमच्याकडेही असेल. जिभेला कण लावून फरक बघायला हरकत नाही, पण थुंकून टाका. त्या पानात हृदयावर काम करणारी द्रव्यं असतात, ते सॅलड नव्हे.

गराचं म्हणाल तर आत्ता कापू नका. गरात ९८ ते ९९ टक्के पाणीच असतं, आणि चपट्या पानात तेही उरलेलं नाही. पाणी सुरू करून पानं पुन्हा फुगू द्या. मग बाहेरचं, पुरतं वाढलेलं पान कापा आणि कापलेली बाजू खाली करून थोडा वेळ उभं ठेवा. पिवळा चीक निथळून जाईल. तो वाळवला की काळा बोळ होतो, आणि काळा बोळ जुलाबाचं औषध आहे हे घरातल्या मोठ्यांना माहीत असतं. झाड तहानलेलं असो वा नसो, तो चीक गरात यायला नको. गरोदर बाईनं तर कोरफड पोटात घ्यायचीच नाही.

प्रश्न : बाई, आमच्या वृंदावनातली तुळस मंजिऱ्या आल्यावर काटकी होते, पानं बारीक आणि तिखट होतात. सासूबाई म्हणतात, पाणी कमी घातलं की तुळस औषधी होते. खरं का? (नाशिक)

उत्तर : सासूबाईंचं निरीक्षण बरोबर आहे. तुळशीच्या पानाचा वास त्याच्यावरच्या तेलाच्या बारीक ग्रंथींतून येतो. बहुतेक ग्रंथी पान कोवळं असतानाच तयार होतात, पुढे पान पसरतं तसं त्या एकमेकींपासून लांब जातात. पाणी कमी पडलं की पान पसरतच नाही, ग्रंथी दाटीवाटीनं राहतात आणि पान तिखट लागतं. चहात दोन पानं टाकायची असतील तर यात तोटा काहीच नाही. पण काटकी होण्यामागे पाण्यापेक्षा मंजिऱ्या जास्त आहेत. बी धरायला लागलं की झाडाचं लक्ष पानांवरून उडतं. मंजिऱ्या वेळच्या वेळी खुडा, शेंडे खुडा, तुळस वर्ष-दोन वर्षं कोवळी राहील. तेलासाठी तुळस लावणाऱ्यांना हाच नियम उलटा भोवतो. ते फुलोऱ्यात कापणी करतात आणि त्यांना एकरी पाला लागतो. ताणानं तेलाचा टक्का थोडा चढला, तरी पाला घटल्यावर हंड्यात उतरणारं तेल कमीच.

प्रश्न : आयुर्वेद महाविद्यालयात शिकतो. ग्रंथांत मुळं ग्रीष्मात किंवा शिशिरात घ्यावीत असं आहे. कोरड्या दिवसांत द्रव्य वाढतं, म्हणूनच ना? मग दुष्काळी वर्षातली मुळं उत्तम मानावीत का? (नांदेड)

उत्तर : पहिल्या प्रश्नाला ‘बऱ्याच अंशी हो’ आणि दुसऱ्याला ‘नाही’. चरकसंहितेच्या कल्पस्थानात पहिल्याच अध्यायात हा भाग आहे, तो पुन्हा उघडा. फांद्या आणि पानं नुकती फुटलेली असावीत, ती वर्षा आणि वसंत ऋतूत घ्यावीत. मुळं ग्रीष्मात किंवा शिशिरात, पण कुठल्या झाडाची? ज्याची पानं जुनी होऊन झडली आहेत त्याची. साल, कंद आणि चीक शरदात, गाभ्याचं लाकूड हेमंतात. म्हणजे ऋतूच्या बरोबरीनं पानाचं वयही सांगितलेलं आहे. परीक्षेत ऋतू लिहिला जातो आणि वय सुटतं.

तुमचा घोटाळा इथेच होतोय. पानं दोन कारणांनी झडतात. एक, वय झालं म्हणून. दोन, पाणी नाही म्हणून. दुष्काळ झाडाला अकाली म्हातारं करतो : हरितद्रव्य मोडतं, नत्र परत जातो, पान गळतं. वरून दोन्ही झाडं सारखीच दिसतात, जमिनीखाली मात्र जमीन-अस्मानाचा फरक असतो.

सफेद मुसळी घ्या. तिचं शास्त्रीय नाव बोरिवलीवरून पडलं आहे. फादर सांतापाव आणि फर्नांडिस यांनी १९५५ साली या जातीचं वर्णन केलं, तेव्हा बोरिवलीच्या डोंगरांत ती उगवायची. चांगल्या वर्षात मुसळीची पानं ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये आपसूक वाळतात. जाणकार शेतकरी लगेच खणत नाही. कंद जमिनीतच पिकू देतो, वरची साल काळपट तपकिरी होऊ देतो, मगच काढतो. पावसानं सप्टेंबरमध्येच दगा दिला तर तीच पानं महिना-दीड महिना आधी वाळतात. तेव्हा खणलेला कंद बोटात धरा : साल फिकी, पातळ, आतला भाग कमी भरलेला, आणि वाळवला की आक्रसून दोरीसारखा. दोन्ही वेळा पानं झडलेलीच होती. एकदा झाडाचं वय भरलेलं होतं, एकदा भरलेलं नव्हतं.

शतावरी त्याहून फसवी. तिचे कंद म्हणजे झाडाचा पाण्याचा हौद. ताणात ते सुरकुततात, पाऊस पडला की फुगतात, म्हणून ओल्या वजनावरून काहीच ठरवू नका. साधारण दीड-दोन वर्षांचे कंद काढतात. फार जुने ठेवले तर मधली शीर जाड होते. कंद सोलून ती शीर ओढून काढताना किती निबर लागते, यावरून त्याच्या वयाचा अंदाज येतो. तुमच्या महाविद्यालयाच्या बागेत शतावरी असणारच. वेगवेगळ्या वयाचे दोन वेल खणून, सोलून शेजारी ठेवा. पुस्तकातलं अर्धं प्रकरण तिथेच संपेल.

आणि शतावरी, अश्वगंधा, गुळवेल, अडुळसा ही द्रव्यं ओलीच वापरावीत असं शार्ङ्गधरानं आपल्या संहितेत सांगून ठेवलं आहे, तेही वाचून घ्या. वाळवलेल्या कंदाच्या टक्क्यावर वाद घालण्याआधी हे माहीत असलेलं बरं.

प्रश्न : एका माणसानं गावात सभा घेतली. ‘दुष्काळी भागासाठी खास औषधी रोपं, पाणी लागत नाही, माल आम्हीच घेणार’ म्हणून शतावरीची रोपं विकली. शंभरातली साठ वाळली. त्याला फोन केला तर म्हणतो, तुम्ही काळजी घेतली नाही. आता लागत नाही फोन. (पाथर्डी तालुका, जि. अहिल्यानगर)

उत्तर : वाचून वाईट वाटलं आणि रागही आला. शतावरी दुष्काळ सोसते, हे खरं. पण सोसते ती कंद भरल्यावर. रोपाला कंद कुठे असतात? पिशवीतून काढलेल्या रोपाची मुळं पिशवीच्याच आकाराची असतात आणि वरची वीतभर माती सगळ्यात आधी वाळते. कुठल्याही ‘दुष्काळी’ झाडाला पहिलं वर्ष पाणी लागतं, अगदी बोरीलाही आणि गुग्गुळालाही. हे न सांगता रोप विकणारा माणूस अडाणी तरी असतो नाहीतर लबाड.

उरलेल्या चाळीसांकडे लक्ष द्या. बुडाशी पाचट किंवा वाळका पाला जाड अंथरा. मडक्याला भोक पाडून वात घालून झाडाशेजारी पुरा आणि आठवड्यातून भरा. पहिला उन्हाळा निघाला की पुढचे उन्हाळे ती स्वतः काढतील. विक्रीसाठी त्या माणसाची वाट बघत बसू नका. राष्ट्रीय औषधी वनस्पती मंडळाचं ‘ई-चरक’ नावाचं व्यासपीठ आहे, तिथे खरेदीदार सापडतात. पुढच्या वेळी ‘माल आम्हीच घेणार’ हे वाक्य स्टॅम्प पेपरवर, दर आणि ओलाव्याच्या टक्क्यासकट लिहून मागा. तो लिहून देत नसेल तर रोपंही घेऊ नका.

प्रश्न : नोकरीमुळे भुजला आहे. इथे कुंपणाकाठी गुग्गुळाची काटेरी झुडपं दिसतात, वर्षातला बराच काळ पानंच नसतात. जुनं आणि कोरड्या जागचं झाड जास्त डिंक देतं असं इथले लोक म्हणतात. आपल्याकडे लावावं का? (एक मराठी वाचक, कच्छ)

उत्तर : पानांशिवाय ते उपाशी नसतं. सालीचा कागदासारखा पापुद्रा हळूच सोलून बघा, खाली हिरवी साल दिसेल. पानं सोडून दिल्यावर ती सालच थोडंफार अन्न तयार करते. ताणापुढे पान हा पहिला खर्च कापायचा, हे या झाडाला जन्मापासून ठाऊक असतं.

जुन्या झाडाबद्दल लोक म्हणतात त्यात तथ्य आहे. डिंक सालीतल्या नलिकांत असतो, आणि त्या नलिका व खोडाची जाडी तयार व्हायला आठ-दहा वर्षं जातात. त्याआधी चीर पाडली तर हाती काही लागत नाही आणि झाडाची जखम मात्र राहते. चीर हिवाळ्यापासून पावसाच्या आधीपर्यंत पाडतात, म्हणजे झाडावर ताण असतानाच. इथे मात्र ताणाचा फायदा उकळण्याची हाव झाडाच्या जिवावर उठली आहे. जास्त डिंक निघावा म्हणून चिरेत इथेफॉनसारखं रसायन भरतात. त्या हंगामात डिंक वाढतो आणि पुष्कळदा झाड मरतं. मारलेल्या झाडाच्या जागी नवं झाड डिंकाच्या वयाला यायला पुन्हा आठ-दहा वर्षं. आंतरराष्ट्रीय निसर्ग संवर्धन संघानं २०१५ मध्ये गुग्गुळाची नोंद ‘अतिसंकटग्रस्त’ गटात केली, त्यामागे हेच ओरबाडणं आहे.

आपल्याकडे लावायचा असेल तर पाण्याचा निचरा होणारी हलकी जमीन हवी, काळ्या रानात तो कुजतो. पेन्सिलीपेक्षा जाड कांडी पावसाळ्याच्या तोंडावर लावा, आणि डिंकाचा हिशेब धरून लावू नका. बांधाला काटेरी कुंपण म्हणून लावलात तर पहिल्या दिवसापासून उपयोगी पडेल. तिथल्या कुंपणाची कांडी आणणार असाल तर मालकाला विचारून, निरोगी झाडाची एकच फांदी घ्या. ज्याच्या खोडावर ताज्या चिरा दिसतात त्या झाडाला हात लावू नका.